दिवसभर उभे राहिलेले लोक

शास्त्रपाठ : निर्गम १८:१३-२७, गणना ११:१०-३०, प्रेषितांची कृत्ये ६:१-७



आपल्या कामाचा काही भाग सहकाऱ्यांवर सोपवणे हा पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे, असे आपल्याला सहसा वाटत नाही. तो कचेरीचा विषय वाटतो. फार तर व्यवस्थापनाच्या पुस्तकांचा. तरीही निर्गमाच्या ग्रंथाची रचना पाहा. एकीकडे तांबडा समुद्र ओलांडल्याची घटना, दुसरीकडे सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळाल्याची घटना. इस्राएलाच्या इतिहासातील या दोन महान प्रसंगांच्या मध्ये पवित्र लेखक थांबतो आणि एका सासऱ्याने जावयाला कामाच्या वाटपाविषयी दिलेला सल्ला तपशीलवार लिहून ठेवतो. एवढी जागा त्याने उगाच दिली नसावी.

हा पाठ वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणी बडोद्याच्या शाळेत मुख्याध्यापिका असतील, कोणी इंदूरच्या बँकेत शाखाधिकारी, कोणी मिशन इस्पितळात मेट्रन, कोणी हैदराबादेच्या कारखान्यात फोरमन. कोणी मंडळीच्या पंचकमिटीचे चिटणीस असतील. ज्याच्या टेबलासमोर इतरांना थांबावे लागते अशा प्रत्येकाशी हा अध्याय बोलतो. आपले पवित्र शास्त्र उघडे ठेवून पुढील विवेचन वाचावे, ही विनंती.

एकटा बसलेला न्यायाधीश

प्रसंग साधा आहे. मिद्यानाचा याजक इथ्रो रानात मोशेला भेटावयास आला. आदल्या दिवशी यज्ञ झाला, वडीलजनांसह भोजन झाले. दुसऱ्या दिवशी मोशे नित्याच्या कामाला बसला आणि इथ्रो पाहत राहिला. तेराव्या वचनात लेखकाने दोन क्रियापदे समोरासमोर ठेवली आहेत. मोशे बसला आहे. लोक उभे आहेत. आणि हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालले आहे.

या उताऱ्यावरचे उपदेश बहुधा मोशेच्या थकव्याने सुरू होतात. परंतु मोशेने येथे थकव्याची तक्रार केलेली नाही. तो दमला आहे असेही लेखक म्हणत नाही. इथ्रोचे लक्ष प्रथम गेले ते रांगेकडे. चौदाव्या वचनातील त्याच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत : तू एकटाच का बसतोस, आणि हे सारे लोक दिवसभर उभे का? ज्या स्त्रीचे भांडण पाच मिनिटांत मिटले असते, ती उन्हात पोर कडेवर घेऊन उभी राहिली असेल. तिला न्याय मिळाला असेल, पण संध्याकाळी. आपण सारे काम स्वतःच्या हाती ठेवतो तेव्हा त्याची पहिली किंमत आपण भरत नाही, आपल्या दाराशी उभा असलेला माणूस भरतो. आजारी वडिलांसाठी रजा हवी असलेला शिपाई साहेबांच्या सहीसाठी तीन दिवस थांबतो. साहेब मात्र त्या तीन दिवसांत आपण किती राबलो हे घरी सांगत असतात.

मोशेचे उत्तर आणखी विचार करण्यासारखे आहे. लोक देवाची इच्छा विचारण्यासाठी माझ्याकडे येतात, असे तो म्हणतो. उत्तर खरे आहे, भक्तीचे आहे. म्हणूनच ते धोक्याचे आहे. जगातला अधिकारी काम सोडत नाही त्याचे कारण पुष्कळदा सत्तेचा मोह असते आणि ते त्याला मनात ठाऊक असते. ख्रिस्ती माणसाला मात्र तेच कारण सेवेच्या वस्त्रात दिसते. ही जबाबदारी प्रभूने माझ्यावर टाकली आहे, लोकांचा माझ्यावर विश्वास आहे, दुसऱ्याने केले तर उणे राहील, असे तो म्हणतो. यातील प्रत्येक वाक्य खरे असू शकते आणि तरीही लोक संध्याकाळपर्यंत उभेच असतात.

इथ्रो या उत्तराचा मान राखतो, पण ते मान्य करीत नाही. सतराव्या वचनात तो म्हणतो की तू करतोस ते बरे नाही. मूळ हिब्रूत शब्द आहेत 'लो तोव्ह'. हे शब्द वाचकाने पूर्वी ऐकलेले आहेत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याच्या एकटेपणाविषयी हेच दोन शब्द वापरतो, आणि 'एकटा' यासाठी तेथे जो शब्द आहे तोच इथ्रोच्या तोंडी चौदाव्या आणि अठराव्या वचनांत येतो. विवाहाच्या प्रसंगी आपण उत्पत्तीचे ते वचन आवर्जून वाचतो. त्याचा प्रतिध्वनी एका न्यायासनाजवळ, कामाच्या जागी उमटला आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. मनुष्याने एकटे असणे बरे नाही हे घराला जितके लागू आहे तितकेच कचेरीला.

अठराव्या वचनात आणखी एक शब्द आहे. त्याचे भाषांतर बहुधा 'थकून जाशील' किंवा 'क्षीण होशील' अशा अर्थाने केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हिब्रू धातू झाडाच्या पानाच्या कोमेजण्यासाठी वापरला जातो. पहिल्या स्तोत्रात प्रवाहाजवळ लावलेल्या झाडाचे पान कोमेजत नाही असे म्हटले आहे, तेथे हाच धातू आहे. थकलेला माणूस रात्रभर झोपून उठतो. कोमेजलेले पान तसे उठत नाही. आणि इथ्रो सांगतो की कोमेजणारे दोघे आहेत, तू आणि तुझ्याबरोबरचे लोक. ज्या कचेरीत सारे एकाच हातून होते तेथे हाताखालची हुशार माणसे पाच-सहा वर्षांत कशी निस्तेज होतात, हे तुम्ही पाहिले असेल. प्रारंभी ती काही सुचवतात. पुढे विचारल्यावर बोलतात. शेवटी 'साहेब म्हणतील तसे' एवढेच वाक्य त्यांच्यापाशी उरते. त्यांना आळशी म्हणण्यापूर्वी आपण त्यांना काय करू दिले, हे तपासावे.

इथ्रो पुढे म्हणतो की हे काम तुला जड आहे. हा 'जड' शब्दही वाचकाला ओळखीचा आहे. मागील अध्यायात, अमालेकाशी लढाई चालली असता, मोशेचे हात जड झाले होते आणि अहरोन व हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले होते. हात जड झाले तेव्हा मोशेने मदत घेतली. काम जड झाले तेव्हा ती घेण्याचे त्याला सुचले नाही. शारीरिक दुबळेपणा आपण लवकर कबूल करतो, हे तुमच्याही अनुभवाचे असेल.

सोपवावयाचे म्हणजे काय

शासकीय मराठीत या गोष्टीसाठी 'प्रत्यायोजन' असा एक भारदस्त शब्द आहे. तो परिपत्रकातच शोभतो. आपला घरचा शब्द 'सोपवणे', आणि तो 'समर्पण' या संस्कृत शब्दाच्या कुळातला आहे. 'सोपे' या शब्दाशी त्याचा ध्वनी जुळतो, पण सोपवणे मुळीच सोपे नसते. ग्रीक नव्या करारात याच्या जवळचे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ आपली मौल्यवान वस्तू दुसऱ्याच्या हाती ठेव म्हणून देणे असा होतो. आपण ऐकले ते विश्वासू माणसांच्या स्वाधीन कर, असे पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा तो हे क्रियापद वापरतो (२ तीमथ्य २:२). नव्या मंडळ्यांत वडील नेमून पौल व बर्णबा त्यांना प्रभूच्या हाती सोपवून पुढे जातात, तेथेही तेच आहे (प्रेषितांची कृत्ये १४:२३). आणि वधस्तंभावर आपला प्रभू आपला आत्मा पित्याच्या हाती देतो, तेथेही लूकने हेच क्रियापद योजले आहे (लूक २३:४६). ज्या शब्दाला असा इतिहास आहे तो टेबलावरचे नको असलेले कागद दुसऱ्याच्या टेबलावर सरकवण्यासाठी वापरता येणार नाही. त्याला मराठीत 'ढकलणे' म्हणतात.

इथ्रोच्या सल्ल्यातील क्रम पाहा. माणसे निवडण्याची गोष्ट एकविसाव्या वचनात येते. त्याआधी, विसाव्या वचनात, मोशेने लोकांना विधी व नियम शिकवावे, चालण्याचा मार्ग आणि करण्याचे काम दाखवावे, असे तो सांगतो. शिकवणे आधी आहे. पुष्कळ अधिकारी नेमके हेच गाळतात. काम देतात, ते बिघडते, मग 'शेवटी मलाच करावे लागते' असे म्हणून परत घेतात. वास्तविक त्या माणसाला ते कधी दाखवलेच नव्हते. शिकवायला वेळ लागतो हे खरे. एखादे पत्र स्वतः लिहायला दहा मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला शिकवायला एक तास. हा हिशेब एका पत्राचा केला तर शिकवणे तोट्याचे आहे. वर्षाच्या पत्रांचा केला तर उत्तर वेगळे येते.

मग निवड. कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, सत्यप्रिय आणि लाचेचा द्वेष करणारी माणसे निवड, असे इथ्रो म्हणतो. यातील 'कर्तबगार' साठी जो हिब्रू शब्द आहे तोच रूथसाठी आणि नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीसाठी आलेला आहे. तेव्हा केवळ भक्तिमान आहे म्हणून हिशेबाचे काम द्यावे, किंवा केवळ हुशार आहे म्हणून पैशाची पेटी द्यावी, असे दोन्ही नाही. मंडळ्यांच्या संस्थांत पहिली चूक अधिक होते, बाजारात दुसरी. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात मोशे हाच प्रसंग पुन्हा सांगतो, तेव्हा एक तपशील वाढतो : त्याने लोकांनाच आपल्या वंशांतून जाणती, अनुभवी, सर्वांना ठाऊक असलेली माणसे पुढे करण्यास सांगितले, आणि लोकांनी होकार दिला. ज्यांच्यावर अधिकार चालणार त्यांनाही विचारले गेले होते. शिवाय नेमणूक उघडपणे झाली. तुम्ही सहकाऱ्याला बाजूला बोलावून 'आजपासून हे तू बघ' म्हणता आणि बाकीच्यांना काही सांगत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी सारे तुमच्याकडेच येतात. त्यात त्यांचा दोष नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लहान प्रकरणांचा न्याय त्यांनी स्वतः करावा, असे बावीसावे वचन म्हणते. प्रकरणे तपासून मोशेपुढे सहीसाठी ठेवावी, असे ते म्हणत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी श्रम सोपवले जातात, निर्णय सोपवला जात नाही. सहकारी माहिती गोळा करतो, तक्ते भरतो, मसुदा करतो आणि मग फाइल घेऊन दाराशी उभा राहतो. रांग तशीच राहिली. फक्त लोकांच्या जागी आता आपलेच सहकारी उभे आहेत. बँकेत काम करणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. अमुक रकमेपर्यंत या अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी, त्यापुढे त्याच्या वरच्याने, ही तिथली रीत इथ्रोच्या हजार, शंभर, पन्नास आणि दहांवरील नायकांच्या योजनेसारखीच आहे. मर्यादा ठरलेली असते, पण मर्यादेच्या आत सही त्याची असते.

या संदर्भात मूळ भाषेतील एक बारकावा मला फार उद्बोधक वाटतो. इथ्रो म्हणतो की 'मोठी' प्रकरणे मोशेकडे आणावी. पुढे सव्विसाव्या वचनात प्रत्यक्ष व्यवहार सांगताना लेखक म्हणतो की 'अवघड' प्रकरणे मोशेकडे आणली जात. शब्द बदलला आहे. इथ्रोने मोठे व लहान असा भेद केला, आणि व्यवहारात तो अवघड व सोपे असा झाला. मोठी गोष्ट अवघड असतेच असे नाही. लाख रुपयांचे बिल नियमात चोख बसले तर कारकूनही ते निकालात काढू शकतो. उलट, एका विधवेच्या शंभर रुपयांच्या प्रश्नात नियम आणि दया यांचा असा पेच पडतो की तेथे वडीलधाऱ्याची गरज लागते. आपल्याकडे काय यावे हे ठरवताना रकमेबरोबर अवघडपणाही पाहावा. आणि लहान गोष्ट 'तुम्हीच बघा साहेब' म्हणून वर परत आली, तर ती घेऊ नये. तुझे काय मत आहे, असे विचारून ती प्रेमाने खाली पाठवावी. हे तीन-चार वेळा केले की लोकांना खरे वाटू लागते.

दुसऱ्याच्या हाताने झालेले काम

भाषांतराच्या कामात हा धडा रोजच गिरवावा लागतो. एखाद्या आदिवासी भाषेत शुभवर्तमान उतरवावयाचे असते तेव्हा पहिला खर्डा ती भाषा आईच्या मांडीवर शिकलेला भाऊ किंवा बहीण करते. मग तो गावात वाचून दाखवला जातो आणि काय समजले ते ऐकणाऱ्यांना विचारले जाते. त्यानंतर, मूळ उतारा समोर नसलेला कोणी तो पुन्हा हिंदीत किंवा मराठीत उतरवतो. त्याला आम्ही उलट भाषांतर म्हणतो. हे वाचून सल्लागार प्रश्न विचारतो. त्याला हिब्रू व ग्रीक येते, पण त्या भाषेतल्या आजीबाईला कोणता शब्द ऐकून हसू येईल हे त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याने शब्द द्यावयाचा नसतो, विचारावयाचे असते : हा शब्द ऐकून गावात काय समजतील? येथे न्याय म्हणजे निवाडा समजतील की शिक्षा? उत्तर शोधणे भाषांतरकाराचे काम. जो सल्लागार लाल शाईने सारे पान पुन्हा लिहून देतो, त्याच्या हाती शेवटी हिब्रूच्या दृष्टीने निर्दोष आणि गावात कोणीही न वाचणारे पुस्तक येते. सोपवलेले काम आपण केले असते तसे होणार नाही, हे आधीच मान्य करावे लागते. कधी ते कमी प्रतीचे होते. कधी, विशेषतः ज्याचे क्षेत्र त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते तेथे, ते आपल्याहून चांगले होते. दुसरे सहन करणे पहिल्यापेक्षा कठीण, असे माझे निरीक्षण आहे.

याचे उत्तर गणनेच्या अकराव्या अध्यायात आहे. तेथे मोशे खरोखर तक्रार करतो. एवढे लोक एकट्याने वाहणे मला शक्य नाही, यापेक्षा मरण बरे, इथपर्यंत तो येतो. देव सत्तर वडिलांना एकत्र करावयास सांगतो आणि मोशेवरील आत्म्यातून घेऊन त्यांच्यावर ठेवतो. त्यामुळे मोशेजवळचा आत्मा उणा झाला, असे कोठेही म्हटलेले नाही. एलदाद आणि मेदाद हे दोघे तंबूपाशी न येता छावणीतच राहिले होते, आणि तेथेच ते संदेश देऊ लागले. म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर, ठरलेल्या रीतीबाहेर. तरुण यहोशवा अस्वस्थ झाला. त्यांना मना करावे, अशी त्याने विनंती केली. मोशेने त्याला विचारले की तू माझ्या वतीने हेवा करतोस काय, आणि परमेश्वराचे सर्वच लोक संदेष्टे असते तर किती बरे, अशी इच्छा बोलून दाखवली. ज्याने काम सोपवले आहे त्याची परीक्षा येथे होते. सहकाऱ्याने ते काम त्याच्या पद्धतीने केले आणि लोकांनी त्याची वाहवा केली, की आपल्याभोवतीचे यहोशवा कुजबुजू लागतात : साहेब, तो फार पुढे चालला आहे. त्या वेळी आपण काय उत्तर देतो यावर पुढे कोणी काम स्वीकारील की नाही हे ठरते.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तुम्हाला पाठ असेल. म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पहिली : कुरकुर ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांची होती, त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. एक तर जन्माने यहूदीही नव्हता. ज्यांची तक्रार होती त्या बाजूच्या माणसांच्या हाती मंडळीने भांडाराची व्यवस्था दिली. आपण तक्रार करणाऱ्याला बहुधा दूर ठेवतो. दुसरी गोष्ट : अन्नवाटपासाठी आणि वचनाच्या कार्यासाठी लूकने 'सेवा' या अर्थाचा एकच ग्रीक शब्द वापरला आहे. प्रेषितांनी हलके काम खाली दिले आणि उच्च काम आपल्याकडे ठेवले, असा अर्थ काढावयास भाषा परवानगी देत नाही. आणि पुढे काय झाले? स्तेफन मंडळीचा पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली. पंक्तीवर नेमलेली माणसे पंक्तीपुरती राहिली नाहीत.

श्रीरामपूर आणि केडगाव

आपल्याच मंडळीच्या इतिहासातून दोन उदाहरणे देतो. इ.स. १८०० मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड एकत्र आले. केरीने भाषांतर, मार्शमनने शाळा आणि वॉर्डने छापखाना पाहिला. वॉर्ड हा मुद्रणाचा धंदा शिकलेला माणूस होता. टाइपाचे साचे कोरण्याचे काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हाती होते, आणि त्याने आपला जावई मनोहर याला ती विद्या दिली. मराठीसाठी केरीचे साहाय्यक पंडित वैजनाथ होते. केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि अनेक भाषांतली हस्तलिखिते जळाली. केरी त्या दिवशी कलकत्त्यास होता. आग विझवण्याची धडपड वॉर्डने केली, दुसऱ्या दिवशी बातमी सांगण्यास मार्शमन गेला. राखेतून खिळ्यांचे साचे शाबूत सापडले. ते वापरता येणारे कारागीर तयार होते, म्हणून काही आठवड्यांतच नवे खिळे पाडून छपाई पुन्हा सुरू झाली. जळालेले भाषांतर मात्र पुन्हा करावे लागले. छापखान्याचे ज्ञान अनेक हातांत वाटलेले होते, ते आगीतून वाचले. जे एका कागदावर होते ते गेले. एक खंत मात्र मला नोंदवावीशी वाटते. आजही आपण त्या नव्या कराराला केरीचे भाषांतर म्हणतो, वैजनाथ पंडितांचे नाव क्वचितच घेतो. काम सोपवले गेले, पण श्रेय सोपवले गेले नाही. तुमच्या कचेरीतल्या अहवालावर कोणाचे नाव असते, हे एकदा पाहा.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्याची जुळणी आणि छपाई तेथील स्त्रियांनी केली. दुष्काळातून, वैधव्याच्या छळातून आलेल्या या मुली होत्या. त्यांच्यापैकी अनेकींना अक्षरओळखही मुक्तीतच झाली. त्यांच्या हाती शास्त्राचे खिळे देणे हा त्या काळी मोठा विश्वास होता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. ग्रंथ पूर्ण होऊन बाहेर आला तो १९२४ मध्ये. त्यांच्यामागे काम थांबले नाही, कारण ते करणारे हात त्यांनी आधीच तयार केले होते.

जे सोपवता येत नाही

येथे एक इशारा दिला पाहिजे. २ शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात काम सोपवण्याचे एक उदाहरण आहे, ते आपण त्या दृष्टीने वाचत नाही. राजे लढाईस जातात त्या ऋतूत दावीदाने यवाबाला पाठवले आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. त्या अध्यायात 'पाठवणे' हे क्रियापद पुनःपुन्हा येते. दावीद माणसे पाठवतो, बोलावणे पाठवतो, आणि शेवटी उरीयाच्या मृत्यूची आज्ञा असलेले पत्र उरीयाच्याच हाती पाठवतो. धोका यवाबाकडे, पाप यवाबाच्या हाताने, आराम स्वतःकडे. असे सोपवणे आजही चालते. कामगाराला काढून टाकण्याची अप्रिय बातमी कनिष्ठाने सांगावी, संशयास्पद पावतीवर कनिष्ठाची सही असावी, चौकशी आली तर तो सापडावा. पण यवाबाने आज्ञा पाळली म्हणून नाथान संदेष्टा यवाबाकडे गेला नाही. तो दावीदाकडे गेला.

तेव्हा निर्णय सोपवावा, दोष सोपवू नये. सहकाऱ्याने दिलेल्या अधिकारात निर्णय घेतला आणि तो चुकला, तर वरिष्ठांपुढे 'आमच्या विभागाची चूक झाली' असे तुम्ही म्हणावे, आणि त्याच्याशी जे बोलायचे ते दार लावून बोलावे. कोणाला काम देताना चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या की पुढचे अनेक गैरसमज टळतात : शेवटी काय हवे आहे, केव्हा हवे आहे, कोठपर्यंत तुझा निर्णय चालेल, आणि कोणती अडचण आली तर माझ्याकडे यावे. कसे करावे हे ज्याला काम येते त्याला सांगू नये. मध्ये एक-दोन दिवस ठरवून विचारपूस करावी. रोज डोकावू नये. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील धनी प्रत्येकाच्या योग्यतेप्रमाणे रक्कम देऊन दूर देशी गेला आणि बऱ्याच काळानंतर परतला. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. पाच तालांत मिळालेल्या दासाच्या हाती एका मजुराच्या कित्येक जन्मांची कमाई होती. हिशेब घेताना धनी त्याला थोडक्यातला विश्वासूपणा म्हणतो.

इथ्रोने मोशेला रिकामे बसण्यास सांगितले नव्हते, हेही लक्षात घ्यावे. देवापुढे लोकांच्या वतीने उभे राहणे, त्यांना शिकवणे आणि अवघड प्रकरणे ऐकणे, ही तीन कामे त्याने मोशेकडेच ठेवली. रांगेमुळे नेमकी हीच मागे पडत होती. आणि तेविसाव्या वचनात तो दोन परिणाम सांगतो. मोशे टिकाव धरील. हिब्रूत येथे 'उभा राहू शकेल' असे शब्द आहेत. आणि दिवसभर उभे राहणारे ते लोक शांतीने आपापल्या ठिकाणी, घरी जातील. मात्र त्याच वचनात तो एक अट घालतो : देवाने तशी आज्ञा केली तर. आपल्या सल्ल्यावरही त्याने शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवला नाही.

मोशेने सारे ऐकले, माणसे निवडली, त्यांना नेमले. पुढच्या वचनात इथ्रो त्याचा निरोप घेऊन आपल्या देशी निघून गेला. नवे नायक कसा न्याय करतात हे पाहण्यासाठी तो थांबला नाही.